दारू निवडणारा

सुपडू फेगडेंचं जमलेलं लग्न एकदा मोडलं
ते एका शब्दावरून.
सावद्याच्या मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा करतो काय?
मध्यस्थ सरळ माणूस. म्हणाला,
कारखान्यात दारू निवडतो.

हे ते स्वतःच सांगायचे, दर नव्या पोराला.
मलाही सांगितलं पहिल्या दिवशी,
मग डबा उघडून माझ्या तळहातावर ओतली:
शिसपेन्सिलीच्या चुऱ्यासारखी चकचकीत,
कांड्या कांड्या, जिऱ्याहून आखूड.
"हुंग."
हुंगलं. नखं रंगवायच्या बाटलीचा वास.
"ही निशाणाची. आवाजाची वेगळी असते.
आवाज काय, कुणीही काढतो."

वरणगाव. मे महिना. पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही.
नेमबाजांच्या काडतुसांसाठी तीन लॉट आलेले,
त्यातला एक ठरवायचा.
पहिला मोहरीसारखा गोल, मापातून पाण्यासारखा पडे.
दुसरा चपटा, पोह्यांच्या भुग्यागत.
तिसरा कांडीचा, हट्टी, नरसाळ्यात अडून बसायचा,
टिचकी मारावी तर दोन कांड्या जास्तीच्या सांडायचा.
मी म्हटलं, पहिला. मापाला सोपा.
"सोपा कुणाला? तुला.
गोळीला विचारलंस?"

पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्यानंही काटा खोटं बोलतो.
चिमट्यानं एकेक कांडी काढायची, एकेक घालायची,
घाम बाहीला पुसायचा
आणि बाही कशालाच लागू द्यायची नाही.

बामणोदच्या बाजारात भरताचं वांगं घेताना पाहिलंय मी त्यांना.
मोठं उचलायचे, पण हाताला हलकं लागेल ते.
जड म्हणजे आत नुसत्या बिया, म्हणायचे,
आणि चकाकी काय, भाजेपर्यंतच.

पहिल्या लॉटनं वेग सगळ्यात जास्त दिला.
यंत्रावरचे आकडे बघून साहेब खूश.
पण दहा गोळ्या दहा स्वभावांच्या,
कागदावर कोंबड्यांना ज्वारी फेकल्यासारखी भोकं.
दुसरा जानेवारीत सुतासारखा सरळ होता,
त्याचीच जुनी शीट साहेबांनी पुढे सरकवली.
हे असताना आणखी काय शोधता, फेगडे?
फेगडेंनी ती काडतुसं गरम पेटीत मुरवली,
खानदेशच्या दुपारीइतकी,
मग बार काढले.
गोळ्या चढत गेल्या एकीवर एक,
शिडी लावल्यासारख्या.
"दारू तीच आहे साहेब.
हिवाळा गेला."

उरला तिसरा. संथ.
पितळेच्या गळ्यापर्यंत भरून बसणारा,
आत हलायला जागा न ठेवणारा.
वेग कमी. पण दर खेपेला तेवढाच,
पेटीतून काढला तरी तेवढाच.
दहाव्या गोळीनंतर मी दुर्बिणीतून पाहिलं
तर वाटलं, तीनच लागल्या, बाकीच्या कुठे गेल्या?
कागद आणला. एकच भोक, कडा कुरतडलेली,
वर रुपया ठेवला तर दिसेना.
मी पेन पुढे केलं.
त्यांनी सही केली नाही.
उद्या पुन्हा, म्हणाले.
आजच्या कागदात आपलं नशीबही मिसळलं असेल थोडं.

आता त्यांचा उजवा कान पार गेलाय.
फाट्यावर नातवाच्या खताच्या दुकानात बसतात,
डावा कान रस्त्याकडे करून.
मागच्या आठवड्यात गेले मी. पर्समधून घडी काढली,
माझ्या एकटीच्या सहीचा पहिला लॉट.
भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं त्यांनी,
पुन्हा फिरवलं,
कागद उजेडात धरून पलीकडचा रस्ता पाहिला त्यातून.
मला वाटलं, आता शाबास म्हणतील.
पण ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात,
भुसावळच्या गाडीची वाट बघणाऱ्या अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं
विचारलं त्यांनी:
"दारू कुठली घेतलीस, पोरी?"

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.
एकाचा कप तोंडापाशीच थांबला.

मीही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं,
"कांडीची, बाबा. संथ."